खाल्लं त्याचं नाव

आमच्या गल्लीतल्या खारींकडे वेणूजिजीनं नुसत्या कौतुकानं कधी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. बदामाच्या झाडावरून एखादी खार सरसर उतरून ओट्यावर दाणे टिपायला लागली, की आम्ही बायका "किती गोड दिसते गं" म्हणायचो आणि ही मान तिरकी करून म्हणायची, "हाई आते भरनी. दिवाईलगून बेस व्हई जाई." म्हणजे आता अंगानं भरली, दिवाळीपर्यंत छान होईल. कशासाठी छान होईल, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा मी विचारलं. तर तिनं निखाऱ्यावर केस कसे जाळायचे इथपासून मीठ कधी टाकायचं इथपर्यंत सगळं सांगितलं, आणि माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

डिंडोलीकडच्या आमच्या रो-हाउसच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशातली आणि निम्मी सौराष्ट्रातली. माझे मिस्टर पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, मी घरी मुलांच्या शिकवण्या घेते, म्हणून जिजी मला "मास्तरीन" म्हणायची. ती सातपुड्याच्या पायथ्याची, तळोद्याच्याही आतली. नवरा गेल्यावर एकुलत्या एका मुलाकडे, प्रकाशकडे, सुरतेला आली. हनुवटीवर गोंदलेले ठिपके, उंच सडपातळ अंग आणि पायाला भिंगरी. बाई बसायचीच नाही. गल्लीतल्या बायका साड्यांच्या धागा कटिंगचं काम घरी आणतात. भरतकामाच्या मागे लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं कापायचे, मांडी घालून करायचं काम. जिजी साडी खांद्यावर टाकून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत कापायची, आणि मागे साडीचा पदर धूळ झाडत यायचा. काम देणारा माणूस तिच्या नावानं ओरडायचा. ती म्हणायची, "बठी राहिनू का मना गुडघा बोंबलतस." आणि पुन्हा चालायला लागायची. तिला पाहून मलाच धाप लागायची.

शिकारीच्या गोष्टी निघाल्या की मग तर विचारायलाच नको. ससा, तितर, लावरी, घोरपड, रानडुक्कर, कशाचं काय लागतं आणि कशाचं काय लागत नाही, हे ती हातवारे करत, कधी जमिनीला कान लावून, कधी माझ्या सोफ्यामागे दबा धरून दाखवायची. माझ्या शिकवणीची पोरं पुस्तक मिटून तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत बसायची. पण ज्या बाईनं रानातलं एवढं खाल्लं, तिला दुकानातली पांढरी कोंबडी चालायची नाही. "जी कधी पयनीच नही, तिले काय मारानं?" जिनं आयुष्यात पळून पाहिलं नाही तिला मारण्यात कसला पराक्रम, असं तिचं म्हणणं. रानाचे कायदे मात्र तिला आपल्या सोसायटीच्या नियमांपेक्षा पक्के पाठ होते. पाणी प्यायला आलेल्यावर दगड उचलायचा नाही. पोटुशी असेल तर जाऊ द्यायची. अंड्यावर बसलेल्या पाखराकडे बघायचंसुद्धा नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे, शिकार दारातून आत येताना ज्यानं पाहिली त्याचा तीत वाटा. तो मग सोयरा असो की वैरी. वाटा दिला नाही तर आणणाऱ्याच्या हाताला पुन्हा काही लागत नाही.

एकदा आम्ही सगळे बारडोलीला लग्नाला चाललो होतो. ईको गाडीत कोंबून बसलेलो, प्रकाश नव्या शर्टात, गळ्यात तुळशीची माळ. प्रकाशनं सुरतेत आल्यावर माळ घातली होती, दर रविवारी सत्संगाला जायचा, आणि घरात अंडंसुद्धा येऊ द्यायचा नाही. रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून गाडी थांबली. दोन्ही बाजूंना उभा ऊस. फाटक उघडलं तेव्हा लक्षात आलं की जिजीची जागा रिकामी आहे. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. प्रकाश बांधावर उभा राहून "माय, ओ माय" करत होता आणि उसात फक्त पानं हलताना दिसत होती. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आली, लुगड्याला कुसळं, गालावर उसाच्या पात्याचा ओरखडा. "तितर व्हता. बोलना, पन दिसना नही." एवढं बोलून गाडीत बसली. ते तितर तिनं लग्नाच्या पंगतीत श्रीखंड-पुरी खाता खाता समोरच्या व्याह्यांना नुसत्या बोलण्यातून रांधून घातलं. प्रकाश ताटाकडे बघत जेवत राहिला.

आम्हा मराठी घरांची तऱ्हा वेगळी. खाणं सोडायचं नाही आणि कबूलही करायचं नाही. मटण लांबच्या बाजारातून दोन काळ्या पिशव्यांत आणायचं, खिडक्या लावायच्या, उदबत्ती लावायची, शिट्टी झाली की टीव्हीचा आवाज वाढवायचा. कुणी विचारलंच तर शेवभाजी केलीय म्हणून सांगायचं. लाल तर्री दोन्हीला असते, पचून जातं. अशाच एका रविवारी जिजी माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि तिनं धडाधड दोन्ही खिडक्या उघडल्या. मी म्हटलं, "अगं जिजी, वास जाईल." तर म्हणाली, "ज्यानी आपलासाठे जीव दिधा, त्यानं नाव दपाडतस?" ज्यानं आपल्यासाठी जीव दिला त्याचं नाव लपवता? मी खिडक्या पुन्हा लावल्या. ती रागानं निघून गेली, आणि मग परत येऊन दोन वाट्या रस्सा पिऊन गेली.

तिची खरी मैत्री मंगुबेनशी. मंगुबेन म्हणजे समोरच्या घरातली सौराष्ट्रातली विधवा बाई, इतकी शाकाहारी की कांदा-लसणालाही शिवत नाही. ती गुजराती बोलायची, ही अहिराणी, आणि दोघींचं एकमेकींना सगळं कळायचं. रोज सकाळी खारींना बाजरी आणि पाण्याची वाटी ठेवायची ती मंगुबेनच. एकदा तिनं जिजीला समजावून सांगितलं की खिसकोलीनं रामाच्या सेतूसाठी वाळू वाहिली, रामानं तिच्या पाठीवरून बोटं फिरवली, ते पट्टे अजून आहेत, तिला खाऊ नये, खायचा विचारही करू नये.

जिजीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, रामाजवळ एवढी वानरसेना होती कंदमुळं आणून द्यायला. माझ्या बापाजवळ नुसती गलोल होती.

आणि मग चालता चालता तिनं ती गोष्ट सांगितली. श्रावण महिना, कणगी रिकामी, नवं धान्य अजून शेतात हिरवं. बाप सकाळी गलोल घेऊन जायचा आणि कधी एखादी खार घेऊन यायचा. तिच्यात असतं काय, बोटभर मांस. तापानं फणफणलेल्या भावाला डोकं, हिला पुढचा पाय कारण ही धाकटी, आणि दारात कुणी आलं असेल तर त्यालाही चमचाभर. बाप हाडं उकळलेलं पाणी प्यायचा आणि म्हणायचा की चव सगळी पाण्यातच उतरते. "पाट्ठावर रामना बोटं व्हतात का नही, आम्ही देखं नही. केस जयेल व्हतात," असं म्हणून जिजी हसली. मंगुबेन हसली नाही. तिनं जिजीच्या हातातली साडी काढून घेतली आणि पुढचे धागे स्वतः कापून दिले. खारींना बाजरी घालणं तिनं थांबवलं नाही, आणि जिजीनं त्यांच्याकडे तसं पाहणं थांबवलं नाही.

गेल्या थंडीत जिजीचा भाचा दिलीप आला. तो दरवर्षी बारडोलीच्या बाजूला ऊस तोडायला येतो. फड तोडत तोडत शेवटचा तुकडा उरला, की आत लपलेली जनावरं एकदम बाहेर पळतात. तसा एक ससा बाहेर आला, कुत्र्यांनी धरला, आणि दिलीपनं तो कुत्र्यांच्या तोंडातून ओढून आत्यासाठी आणला. प्रकाश आणि त्याची बायको सत्संगाला गेलेले. दिलीप पिशवी घेऊन दारातून आत जात होता आणि समोर ओट्यावर मंगुबेन बसली होती. पिशवीतून कान बाहेर आलेले.

"शुं लाव्या, भाई?" तिनं सहज विचारलं.

दिलीपची बोबडी वळली. जिजीनं दारातून सांगितलं, "ससा."

मंगुबेननं पदर नाकाला लावला आणि तोंड फिरवलं. पण पाहिलं होतं, ते पाहिलंच होतं.

मागच्या मोरीजवळ तीन विटांची चूल पेटली. त्यानंतर जिजीनं माझ्या दारावरून इतक्या चकरा मारल्या की मलाच बसवेना. मी बाहेर जाऊन विचारलं, झालं काय? म्हणाली, मंगूनं पाहिलं ना. मी म्हटलं, "अगं, ती कांदासुद्धा खात नाही. काहीतरी काय." तर मलाच वेड्यात काढत म्हणाली, "खावाले कोन सांगस? हात लावा का पोचना वाटा." नाही दिला तर दिलीपच्या हाताला काही लागणार नाही, आणि दिलीपची पोरं लहान आहेत. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

झाकण लावलेली स्टीलची वाटी घेऊन ती समोर गेली. माझ्या खिडकीतून मला दोघींच्या फक्त पाठी दिसत होत्या, डोकी जवळ आलेली. तेवढ्यात मंगुबेनचा मुलगा अल्पेश मोटारसायकलवरून आला. त्याला वास आला, पिशवीची गोष्ट कुणीतरी कोपऱ्यावरच त्याच्या कानावर घातली होती. त्यानं वाटी हिसकावली आणि गटारात भिरकावली. कुत्र्यांनी गटारातलंही सोडलं नाही. मंगुबेनला त्यानं अंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट अंघोळ करायला लावली. थंडीनं ती म्हातारी कुडकुडत होती आणि जिजी रस्त्यात उभी राहून त्याला शिव्या घालत होती, वाटीसाठी नव्हे, त्या गार पाण्यासाठी.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस. प्रकाशचं घर भाड्याचं, आणि घरमालक सोसायटीच्या प्रमुखांचे, जयंतीभाईंचे, मेहुणे. निरोप आला की पुढच्या रविवारी मीटिंग, तिथे खुलासा करा, नाहीतर घर खाली करा. प्रकाशच्या मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर. असं नाव झालेल्या माणसाला त्या भागात दुसरं घर कोण देणार? आणि जिजीला तर प्रकाशशिवाय ठिकाणाच नव्हता. गावचं शेत विकलेलं, घराचं छप्पर बसलेलं, दिलीपची झोपडी तेवढी होती, पण तो बायको-मुलांसकट उन्हाळ्यापर्यंत ऊसतोडीवर.

मीटिंगच्या आदल्या दिवशी प्रकाश माझ्याकडे आला. "ताई, मी फनस सांगणार. फनसाची भाजी. वाटीत काय होतं, कोणी पाहिलं नाही. सगळ्यांना पण पतवायचंच आहे, मिटवायचंच आहे. फक्त मायनी मान हलवायला पाहिजे. तुमचं ऐकते ती, सांगा ना." मी गेले. जिजीनं ऐकून घेतलं आणि ती चक्क खाली बसली. तिच्या बाबतीत हे चांगलं लक्षण नव्हतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. जिजीला खुर्ची दिली होती, ती खुर्च्यांच्या मागून फेऱ्या घालत होती. अल्पेश बोलला, हा गुन्हा आहे, वनखात्याला कळवलं तर आत जाल. जयंतीभाई मऊ माणूस, त्यांना भांडण नको होतं. प्रकाश उभा राहिला. हात जोडून म्हणाला, काहीतरी गैरसमज झाला, माझ्या आईनं फणसाची भाजी दिली होती, आम्ही माळकरी लोक, आमच्या घरात असलं कसं शिजेल? गल्लीतल्या सगळ्या मराठी माणसांनी एकदम माना हलवल्या. आम्हाला सवयच आहे.

जयंतीभाईंनी सुटकेचा श्वास टाकून मंगुबेनकडे पाहिलं. तिच्या हातात जपमाळ होती. ती खाली बघत म्हणाली, "हा. फणस ज हतुं."

आजन्म देवधर्म केलेल्या बाईनं माळ हातात धरून, पोटच्या पोरासमोर, खोटं सांगितलं होतं. अल्पेश तिच्याकडे बघतच राहिला. आता सगळे जिजीकडे बघत होते. ती फेऱ्या घालायची थांबली होती. मला वाटलं, हलव गं बाई मान, एकदाच हलव.

जिजी पुढे आली. मंगुबेनच्या खुर्चीच्या पाठीवर तिनं हात ठेवला.

"तिनी झाकन उघाडंच नही. तिले काय माहीत?" आणि मग सगळ्यांना समजावं म्हणून एकेका भाषेत सांगितलं, "ससा व्हता. खरगोश था. ससलुं हतुं."

प्रकाश खुर्चीत बसला. जयंतीभाईंनी रुमालानं तोंड पुसलं आणि हळूच हिंदीत म्हणाले, मांजी को गांव भेज दो, तुम लोग रहो, बात खत्म. प्रकाशनं त्यावर एक अवाक्षर काढलं नाही. मला जयंतीभाईंचा राग आला, अल्पेशचा आला, पण सगळ्यात जास्त प्रकाशचा आला. तो राग अजून आहे. तो समोर भेटला की मी भाजीचे भाव विचारते आणि पुढे जाते.

त्याच दुपारी मंगुबेन मागच्या दारानं माझ्याकडे आली. पाणी दिलं तर प्यायली नाही. म्हणाली, "एणे मने जूठी न पडवा दीधी, बेन." तिनं मला खोटी पडू दिलं नाही. मग बराच वेळ ओट्याच्या फरशीवर बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "ढांकणुं तो में खोल्युं'तुं." झाकण तर मी उघडलं होतं. कसं दिसतं ते बघायचं होतं. जिजीनंच धरलं होतं वाटीला, दोघींनी मिळून पाहिलं होतं.

म्हणजे आयुष्यभर खाल्लेल्याचं नाव न लपवणाऱ्या त्या बाईनं भर मीटिंगमध्ये एक खोटं सांगितलं होतं, आणि ते ह्या मैत्रिणीसाठी. मंगुबेन रडली. मीही रडले. मग तिनं डोळे पुसले आणि अल्पेश यायच्या आत घरी गेली.

जिजीनं दिलीपच्या रिकाम्या झोपडीत राहायला जायचं ठरलं. जायच्या दिवसापर्यंत प्रकाश आईशी बोलला नाही. जिजीही त्याच्याशी बोलली नाही, पण घरभर, गल्लीभर फिरत राहिली. अर्धवट राहिलेल्या साड्यांचे धागे कापून संपवले. नातीला जवळ घेऊन पेपरात नीट लिही म्हणाली. मला म्हणाली, "मास्तरीन, तिले इंग्रजी बेस शिकाड."

उधना स्टेशनवर सकाळची नंदुरबारकडची गाडी. मी सोबत गेले, कारण प्रकाशची बायको घरात रडत बसली होती आणि प्रकाश एकटा आईबरोबर उभा राहायला घाबरत होता. त्यानं बॅग वर टाकली, खिडकीजवळची जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली, आणि खाली उतरून खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. शेवटी बोलला.

"माय, नुसती मान हालाई असती, तं काय व्हतं तुनं?"

जिजीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. ताप आलेल्या पोराकडे बघावं तसं पाहिलं.

"मी मान हालाई देती, तं तू घरमा ठेवता कोनले?"

प्रकाशनं गज सोडले. मला बाजूला व्हायला हवं होतं, पण गर्दीत सरकायला जागा नव्हती. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही, म्हणून मी जिजीकडे बघत राहिले. ती पिशवीत काहीतरी शोधत होती, तिला सापडत नव्हतं, की शोधायचंच नव्हतं, कोण जाणे.

गाडी हलली. धरून दिलेल्या जागेवर ती बसून राहील, हे शक्यच नव्हतं. ती उठली. गाडी पुढे सरकत होती आणि ती आतून, माणसांना बाजूला सारत, मागच्या बाजूला चालत येत होती, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत. सुरुवातीला गाडीचा आणि तिचा वेग एकच पडला. त्यामुळे प्रकाशच्या अगदी समोर, हातभर अंतरावर, ती एका जागी उभी असल्यासारखी दिसत राहिली. मग डबा संपला.